कोचच्या पायापुढची रेष

बेळगावला फुटबॉल नवा नाही. कॅम्पात १८५६ सालची सेंट पॉल्स शाळा आहे, १९२२ पासून मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र आहे. शाळेचं मैदान आणि छावणीचं मैदान अशा दोन्ही बाजूंनी हा खेळ शहरात रुजला. आता वेंगुर्ला रोडने हिंडलग्याकडे येताना पावसाळ्यात सेव्हन-ए-साईड स्पर्धांचे फलक दिसतात. खेळ वाढतोय, याचा आनंद आहे. तक्रार एवढीच, की टचलाईनच्या आत काय चालतं ते बघायला पंच असतो, आणि टचलाईनच्या बाहेर कोच, मॅनेजर आणि त्यांचा गोतावळा काय करतो ते बघायला कुणी नसतं. कोचच्या लहान आगळिकीला लहान शिक्षा वेळच्या वेळी होत नाही, म्हणून ती वाढते. एकदा वाढली की तिला शिक्षा करायची सोय राहत नाही, ती 'मिटवावी' लागते. नियम आपल्या हातात आहेत. ते लावायची तयारी कुणी करायची, यावर हे मुद्दे आहेत. जिल्ह्यातल्या स्पर्धा-संयोजकांनी, शाळांच्या पी.ई. सरांनी आणि पंचमंडळींनी ते वाचावेत.

१. आधी रेष मारा

स्पर्धेच्या दिवशी सकाळी दोन पोरं सुतळी ताणून धरतात आणि तिसरा फक्कीचा डबा हलवत चालतो. टचलाईन होते, गोललाईन होते, पेनल्टी बॉक्स होतो, मधलं वर्तुळ जरा वाकडं का होईना होतं. तोवर पिशवी संपते. बाकासमोरचा टेक्निकल एरिया आखायचा राहून जातो, कारण तो आखायचा असतो हेच बहुतेकांना ठाऊक नसतं.

त्याचं माप सोपं आहे. बाकाच्या दोन्ही टोकांना एकेक मीटर जादा, आणि पुढे टचलाईनच्या एक मीटर अलीकडे थांबायचं. पाच मीटरचा बाक असेल तर सात मीटर रुंदीचा चौकोन होतो. कोचने मॅचभर त्यात राहायचं, आणि एका वेळी एकाच माणसाने उभं राहून सूचना द्यायच्या. दुखापत बघायला डॉक्टर किंवा फिजिओ पंचाच्या परवानगीने आत जाऊ शकतो, बाकी कुणी नाही.

आपल्याकडे कोच कुठे असतो? पहिल्या पाच मिनिटांत बाकाजवळ, दहाव्या मिनिटाला सेंटर लाईनला, आणि टीम मागे पडली की समोरच्या टीमच्या कॉर्नर फ्लॅगपाशी. लाईनमन पळतो त्याच पट्ट्यात कोचही पळत असतो, आणि ऑफसाईड बघणाऱ्या माणसाला आधी कोचला चुकवावं लागतं. पंचाने "मागं व्हा" म्हटलं की उत्तर ठरलेलं: "मागं म्हणजे कुठं? रेष कुठाय?" कोचचा हा प्रश्न अगदी रास्त आहे. जी मर्यादा दाखवता येत नाही ती ओलांडली म्हणून शिक्षा कशी करणार?

आपल्या पावसात फक्की टिकत नाही, पहिल्या मॅचची रेष दुसऱ्या मॅचला तांबड्या चिखलात गेलेली असते, हे खरं. मग फक्कीचा हट्ट सोडा. प्रत्येक बाकाला चार प्लॅस्टिकचे कोन ठेवा. सरावाचे कोन प्रत्येक टीमकडे असतात. मॅचआधी पंचाने दोन्ही कोचना बोलावून ते चार कोन बोटाने दाखवायचे. यात दोन मिनिटं जातात, आणि पुढच्या साठ मिनिटांतली निम्मी वादावादी वाचते.

२. शिक्षेला तीन पायऱ्या आहेत

२०१९ च्या जूनपर्यंत कोचला कार्ड नव्हतं. पंच तोंडी समज द्यायचा, फारच झालं तर बाहेर जायला सांगायचा. लांबच्या प्रेक्षकाला काय झालं ते कळायचं नाही, आणि कोच "मला कुठं काय म्हणाले?" म्हणून मोकळा व्हायचा. खेळाचे नियम ठरवणाऱ्या इंटरनॅशनल फुटबॉल असोसिएशन बोर्डाने, म्हणजे इफॅबने, २०१९-२० पासून संघाधिकाऱ्यांनाही पिवळं आणि लाल कार्ड लागू केलं, आणि कुठल्या वागण्याला काय, याची यादीच दिली. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर ती अशी होते.

कोच अधूनमधून चौकोनाबाहेर पाऊल टाकतो, "काय हो रेफ्री, काय बघालाय?" असं एखाद्या वेळी म्हणतो, लाईनमनने थांबवलं तरी कानाडोळा करतो: ताकीद. कार्ड नाही, पण पंचाच्या वहीत नोंद.

ताकीद देऊनही बाहेर भटकतो, पाण्याची बाटली आपटतो, निर्णयावर खोचक टाळ्या वाजवतो, आपलीच टीम पुढे आहे म्हणून थ्रो लांबवायला लावतो, समोरच्याला कार्ड द्या म्हणून हवेत हात नाचवत राहतो: पिवळं.

समोरच्या टीमचा बॉल अडवून ठेवतो किंवा लाथेने लांब उडवतो, चौकोन सोडून पंचाच्या अंगावर जातो, मैदानात मुद्दाम काही फेकतो, आईबहिणीवरून शिवी देतो, किंवा एकाच मॅचमध्ये दुसरं पिवळं घेतो: लाल. मैदान आणि मैदानाचा आसपास, दोन्ही सोडायचं.

यातली एक बारीक गोष्ट आपल्या बऱ्याच कोचना माहीत नसते. खेळाडूने समोरच्याचा थ्रो किंवा फ्रीकिक लांबवली तर त्याला पिवळं आहे. तेच कोचने केलं तर थेट लाल. कारण सरळ आहे: खेळाडू धावपळीत, दमलेला, पंधरा-सोळा वर्षांचाही असू शकतो. कोच जागेवर उभा असतो, आणि शहाणा म्हणूनच त्याला नेमलेलं असतं.

३. बंगळूरला काय झालं ते आठवा

२१ जून २०२३. सॅफ स्पर्धा, कंठीरवा स्टेडियम, भारत विरुद्ध पाकिस्तान. भारत २-० ने पुढे, मध्यंतराला थोडाच अवकाश. भारताच्या खेळाडूवर फाऊल झाला असं कोच इगोर स्टिमाच यांना वाटलं, पण पंचाने थ्रो पाकिस्तानला दिला. पाकिस्तानचा खेळाडू थ्रो घ्यायला टचलाईनवर आला आणि स्टिमाच यांनी मागून त्याच्या हातातला बॉल उडवला. दोन्हीकडचे खेळाडू धावले, ढकलाढकली झाली. पंचाने स्टिमाच यांना लाल दाखवलं, पाकिस्तानच्या कोचला पिवळं. भारताने ती मॅच ४-० जिंकली, सुनील छेत्रीने हॅटट्रिक केली, आणि दुसऱ्या दिवशी बेळगावच्या चहाच्या गाड्यांवर गोलांइतकीच चर्चा स्टिमाचची होती. बहुतेकांचं मत असं, की एवढ्याशा गोष्टीला लाल म्हणजे जरा जास्तच. पण वरची यादी पाहिली तर पंचाने नियमात लिहिलं होतं तेवढंच केलं. स्टिमाच यांनी नंतर जाहीरपणे सांगितलं, की आपल्या पोरांसाठी गरज पडली तर पुन्हा असंच करीन.

आणि केलंही. २७ जूनला कुवेतविरुद्ध दोन पिवळी, म्हणजे परत लाल. या वेळी दोन मॅचची बंदी आणि ५०० डॉलर दंड. उपांत्य सामना आणि अंतिम सामना या दोन्ही वेळी भारताच्या बाकावर सहायक कोच महेश गवळी होते, डेम्पोचे आणि भारताचे जुने बचावपटू. भारत दोन्ही वेळा टायब्रेकवर जिंकला, चषक आला.

या गोष्टीतून आपल्याकडे काय शिकले? 'कोच तापट पाहिजे, त्याशिवाय टीमला जोर येत नाही', एवढंच. मला उलटं दिसतं. चषक जिंकला तेव्हा मुख्य कोच बाकावर नव्हताच. त्याच्या आरडाओरड्याविना पोरं दोन टायब्रेक खेळली आणि दोन्ही जिंकली. शिवाय देशाच्या कोचला, देशातच, भरल्या स्टेडियमसमोर लाल मिळू शकतं, आणि एवढ्यावर आभाळ कोसळत नाही. मग तालुक्याच्या मॅचमध्ये कुणाच्या कोचला कार्ड दाखवताना पंचाचा हात का थरथरतो?

४. हात का थरथरतो

खरं दुखणं इथे आहे.

आपल्या स्पर्धांतला पंच कोण असतो? शेजारच्या शाळेचा पी.ई. सर, एखादा माजी खेळाडू, कॉलेजात शिकता शिकता पंचाची परीक्षा दिलेला मुलगा. दिवसाला चार-पाच मॅच. मानधन संयोजक देणार, दुपारचा डबाही संयोजक देणार. संयोजकाला संध्याकाळी पाहुणा येण्याआधी फायनल उरकायची असते. ज्या कोचला कार्ड द्यायचं तो पुढच्या महिन्यात स्वतः एखाद्या स्पर्धेचा संयोजक असतो, आणि पंचांची यादी त्याच्याच हातात असते. आज कार्ड दाखवलं तर उद्या बोलावणं येणार नाही, हे पंचाला कुणी सांगावं लागत नाही.

म्हणून पंच ताकीद देत नाही, ऐकून न ऐकल्यासारखं करतो. कोच दहाव्या मिनिटाला एक बोलतो, विसाव्याला दोन, तिसाव्याला चार. पन्नासाव्या मिनिटाला पेनल्टी मिळाली नाही की तो आत धावतो आणि त्याच्यामागे सगळा बाक धावतो. आता लाल दाखवलं तर मॅच बंद पडेल, नाही दाखवलं तर पंचाची उरलीसुरली पत जाईल. तेवढ्यात माईकवरून आवाज येतो: "दोन्ही टीमना विनंती, खेळीमेळीने घ्या." कुणीतरी वडीलधारा माणूस मैदानात येतो, कोचच्या खांद्यावर हात टाकून त्याला बाजूला नेतो. प्रकरण मिटतं. वहीत काही येत नाही. पुढच्या रविवारी तोच कोच दुसऱ्या मैदानावर पहिल्या मिनिटापासून ओरडायला मोकळा.

दहाव्या मिनिटाची ताकीद ही सगळ्यात स्वस्त शिक्षा आहे. तिने मॅच थांबत नाही, कुणाचा अपमान होत नाही, बॉल बाहेर गेला असताना दोन वाक्यांत ती देता येते. ती चुकली की पुढची प्रत्येक पायरी महाग होत जाते. पण ती द्यायला पंचाच्या पाठीशी संयोजक उभा लागतो. म्हणून माझी पहिली मागणी पंचांकडे नाही, संयोजकांकडे आहे. मॅचमध्ये मिटवामिटवी करायला माणूस पाठवू नका. माईकवरून विनंती करू नका. पंचाचा निर्णय अमलात आणायला दोन माणसं द्या आणि आपण मंडपात बसा. आणि पंच ठरवणारा आणि टीम उतरवणारा हे दोन वेगळे लोक असू द्या, एवढं तरी.

५. बाकावर कोण बसतं

बाक राखीव खेळाडूंचा आणि नोंदवलेल्या संघाधिकाऱ्यांचा. आपल्याकडे तिथे जर्सी देणारे दादा, माजी कॅप्टन, गोलकीपरचा थोरला भाऊ आणि मोटारसायकलची किल्ली बोटावर फिरवणारे दोघे-तिघे असतात. ओरडतं कोण, कळत नाही. पंच वळला की सगळे गप्प, पाठ फिरली की सुरू.

यावरही नियमात उत्तर आहे, आणि मला ते फार आवडतं. बाकावरून गुन्हा झाला आणि करणारा ओळखता आला नाही, तर तिथे हजर असलेल्या सगळ्यात वरिष्ठ कोचला ती शिक्षा. हे एकदा अमलात आणून बघा. कोच स्वतःच मागे वळून म्हणेल, "तू ऊठ रे आधी हितनं." मॅचआधी खेळाडूंच्या यादीबरोबर बाकावरच्या माणसांचीही नावं लिहून घ्या. यादीत नाव नाही तो दोरीपलीकडे, मग त्याने जर्सी दिलेली असो नाहीतर बॉल.

कोल्हापूरचा फुटबॉल आपल्याला जवळचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस यांच्या मॅच बघायला निपाणीतून, गडहिंग्लजमधून, बेळगावातूनही लोक जातात. पेठापेठांतली ईर्ष्या हीच त्या खेळाची मजा आहे, आणि तीच कधी कधी दगडफेकीपर्यंत आणि पोलिसांच्या काठीपर्यंत जाते. तिथल्या गॅलरीचं वातावरण आपल्या गावच्या मैदानात आणायची हौस पुष्कळांना आहे. त्या स्टेडियमला निदान गॅलरी आणि मैदान यांच्यामध्ये अंतर आहे. आपल्याकडे बाक आणि प्रेक्षक यांच्यामध्ये एक काथ्याची दोरी असते, तीही खाली बसलेली. बाकावरचा माणूस पेटला की मागचे पन्नास पेटायला वेळ लागत नाही.

६. सीमाभागाची एक जादा अडचण

हे लिहू की नको असं वाटलं, पण लिहितो. आपल्या भागात निर्णय विरोधात गेला की पहिल्यांदा पंचाचं आडनाव बघतात. पंच कन्नड बोलणारा असेल तर मराठी टीमवर अन्याय, मराठी असेल तर त्या बाजूला अन्याय, कॅम्पातला ख्रिस्ती असेल तर मग दोन्ही बाजूंना शंका. ज्या गावात हुतात्मा स्मारक आहे, जिथे १ जूनला दरवर्षी माणसं जमतात, त्या गावाला भाषेच्या प्रश्नाचं वजन कुणी सांगायला नको. म्हणूनच ते वजन ऑफसाईडच्या निर्णयावर टाकणाऱ्या कोचची मला चीड येते. खरा प्रश्न त्याने हलका केलेला असतो.

कार्डं मुळात आली तीच अशा गोंधळातून. १९६६ च्या विश्वचषकात वेम्बलीवर इंग्लंड-अर्जेंटिना मॅचमध्ये जर्मन पंच क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कर्णधार रात्तीन याला बाहेर काढलं. पंचाला स्पॅनिश येत नव्हतं, रात्तीन दुभाषी मागत होता, आणि तो मैदान सोडेना. मॅच कितीतरी वेळ खोळंबली. त्यावर विचार करताना पंचप्रमुख केन ॲस्टन यांना लंडनच्या सिग्नलवरून पिवळ्या-लाल रंगांची कल्पना सुचली, आणि १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात कार्डं वापरात आली. बेळगावसारख्या चार भाषांच्या गावाला याहून सोयीची वस्तू कुठली? पंचाने कोचशी वाद घालूच नये. जितकं जास्त बोलेल तितका तो कुठल्या ना कुठल्या भाषेत अडकेल. कार्ड दाखवावं, नाव लिहावं, खेळ सुरू करावा.

७. बाहेर काढलेला कोच जातो कुठे

नियम म्हणतो मैदान आणि आसपास सोडा. स्टेडियम असेल तर ड्रेसिंग रूम असते. आपल्या उघड्या माळावर लाल मिळालेला कोच वीस पावलं चालतो, गोलपोस्टच्या मागे जाऊन उभा राहतो आणि तिथून दुप्पट जोराने सूचना देतो. गोलकीपरला तर तो आता जास्तच जवळ मिळालेला असतो.

मोठ्या लोकांनीही यात युक्त्या केल्यात. २००५ मध्ये युरोपीय बंदी असताना जोसे मोरिन्हो चेल्सीच्या ड्रेसिंग रूममध्ये कपड्यांच्या टोपलीत बसून लपले होते, असं पुढे त्यांनीच सांगितलं. आपल्याकडे टोपलीची गरज पडत नाही, एवढाच फरक. उपाय: बाहेर काढलेल्या माणसासाठी जागा ठरवा, मैदानापासून लांब, संयोजकांच्या मंडपामागे. तो तिथून हलला किंवा ओरडला तर पंचाने ते अहवालात लिहायचं, आणि पुढची मॅचही त्याची गेली. लाल म्हणजे पुढच्या मॅचला बंदी, हे तर नियमपत्रकात छापलेलंच हवं. स्पर्धा एका दिवसात संपणारी असेल तर पुढच्या स्पर्धेत.

८. टीम उचलून नेणं

कोच लोकांचं हे शेवटचं हत्यार. निर्णय पटला नाही की "चला रे, बाहेर या." मग अर्धा तास मनधरणी.

याचंही सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच राज्यातलं. ३ मार्च २०२३, पुन्हा कंठीरवा, आयएसएलचा बाद फेरीचा सामना, बंगळूर एफसी विरुद्ध केरळ ब्लास्टर्स. जादा वेळेत छेत्रीने भिंत लागण्याआधीच फ्रीकिक मारून गोल केला. ब्लास्टर्सचे कोच इव्हान वुकोमानोविच यांनी टीम बाहेर बोलावली आणि ती परत आलीच नाही. निकाल बंगळूरच्या बाजूने लागला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या शिस्त समितीने क्लबला ४ कोटी रुपये दंड केला, कोचला दहा मॅचची बंदी आणि ५ लाख दंड. शिवाय जाहीर माफी. ती मागितली नाही तर क्लबचा दंड ६ कोटी आणि कोचचा १० लाख.

तो गोल द्यायला हवा होता की नको, यावर अजूनही वाद घालता येतो, आणि मी हौसेने घालतो. पण वाद घालायची जागा समितीसमोर आहे. आपल्याकडे कोटी नाहीत, लाखही नाहीत. प्रवेश फीबरोबर थोडी अनामत घ्या. टीम उचलली तर ती जप्त, मॅच समोरच्याला, आणि मनधरणी बंद. पंचाने घड्याळ लावून ठराविक मिनिटं थांबायचं आणि शिट्टी मारायची. मनधरणीला गेलेला माणूस एकदा का मैदानात उतरला, की पुढच्या वर्षी आणखी दोन टीम उचलल्या जाणार.

९. मोबाईल

"हा बघा व्हिडिओ, हा बघा हात लागला." असं म्हणत कोच मोबाईल पंचाच्या नाकासमोर धरतो. परवानगी नसलेलं साधन वापरणं, किंवा त्यात काही बघून बिथरून वागणं, याला संघाधिकाऱ्यासाठी लाल कार्ड आहे. आणि जिथे अधिकृत व्हीएआर नाही तिथे पंचाला चित्रण पाहून निर्णय बदलता येत नाही. पंचाने स्क्रीनकडे बघूसुद्धा नये. एकदा बघितलं की पुढच्या मॅचला दहा मोबाईल येतात.

१०. शाळेच्या मॅच

चौदा वर्षांखालच्या मॅचमध्ये कोच म्हणजे सर. सर पंचाला काय बोलतात ते अकरा मुलं मैदानातून आणि सात मुलं बाकावरून ऐकत असतात. क्लस्टर, तालुका, जिल्हा अशा शालेय स्पर्धांत तर पंचही दुसऱ्या शाळेचा सर. दोन सर एकमेकांना अरे-तुरे करतात आणि मुलं बघतात. वर्गात हेच मूल असं बोललं तर पालकांना बोलावणं जातं.

हे किती दूर जाऊ शकतं त्याचं उदाहरण नेदरलँड्सचं आहे. २ डिसेंबर २०१२ ला अल्मेर इथे पोरांच्या हौशी मॅचनंतर रिशार्ड न्यूवेनहाउझन या लाईनमनला मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. तो कुणी व्यावसायिक पंच नव्हता. स्वतःच्या मुलाच्या टीमसाठी झेंडा हातात घेतलेला बाप होता. पुढच्या शनिवार-रविवारी त्या देशातला हौशी फुटबॉल बंद ठेवला गेला. दोषी ठरलेल्यांत बहुतेक अल्पवयीन मुलं होती, आणि एका मुलाचा बापही होता.

शाळांसाठी माझा आग्रह एका गोष्टीचा: शालेय मॅचमध्ये कोचला ताकीद मिळाली तरी ती मुख्याध्यापकांकडे कागदावर जावी. शिक्षा म्हणून नव्हे, माहिती म्हणून. आणि प्रत्येक मॅचला चौथा पंच म्हणून एक माणूस बाकांकडे तोंड करून बसवा. दहावी-अकरावीतली खेळाडू मुलगी किंवा मुलगा चालेल, वही-पेन आणि घड्याळ द्या. गोव्याची उवेना फर्नांडिस फिफाची सहायक पंच झाली. आपल्याकडच्या मुलींनाही सुरुवात करायला अशी एखादी खुर्ची मिळाली तर बरं. मात्र कोच तिच्यावर खेकसला तर ते पंचावर खेकसण्याइतकंच धरायचं, हे दोन्ही सरांना आधी सांगून ठेवा.

११. आणि पंच चुकले तर

चुकतात. आपले पंच पुष्कळदा बॉलपासून चाळीस मीटर लांब असतात, काही जण कोचला डिवचूनही बोलतात, आणि एखादा ओळखीच्या टीमला झुकतं माप देतो हेही ऐकिवात आहे. कोचना फक्त गप्प बसवायचं आणि त्यांचं म्हणणं कुठेच ऐकायचं नाही, असं केलं तर ते रेष ओलांडणारच. आपला तो बाब्या, हा न्याय संयोजकांनीही लावू नये.

त्यासाठी दोन सोयी हव्यात. एक, मैदानात पंचाशी बोलायचा हक्क फक्त कॅप्टनला. २०२४ च्या जर्मनीतल्या युरो स्पर्धेत हे करून बघितलं, आणि निर्णयाचं कारण कॅप्टनला सांगितल्यावर बाकीच्यांची गर्दी कमी झाली. आपल्या सेव्हन-ए-साईडला तर हे आणखी सोपं जाईल. दोन, मॅचनंतर अर्ध्या तासात कोचने लेखी तक्रार द्यायची आणि तिला तीन दिवसांत लेखी उत्तर मिळायचं. तक्रारीला फी ठेवू नका. फी ठेवली की तक्रार कागदावर न येता मैदानात येते.

आणि पंचाचा अहवाल. पंचाचा अधिकार तो मॅचआधी मैदान तपासायला उतरतो तिथपासून मॅचनंतर मैदान सोडेपर्यंत असतो, आणि या सगळ्या वेळात घडलेलं त्याने लिहायचं असतं. आपल्याकडे अहवाल म्हणजे स्कोअर आणि गोल मारणाऱ्यांची नावं. त्याखाली चार रकाने वाढवा: कोणाला, कितव्या मिनिटाला, काय केलं म्हणून, काय दिलं. ताकीदसुद्धा त्यात यावी. हे कागद एका फाईलला लावा आणि पुढच्या स्पर्धेच्या संयोजकाने मागितले की द्या. एकाच कोचच्या नावावर एका मोसमात सहा ताकिदी दिसल्या तर सातव्यांदा कुणी "पहिल्यांदाच झालंय, मिटवून टाका" म्हणणार नाही. आणि एकाच पंचाच्या मॅचमध्ये दर वेळी तीन-तीन कोच बाहेर जाताना दिसले, तर त्या पंचालाही बोलावून विचारता येईल. पावसाळी स्पर्धांची नियमपत्रकं छापायला जातील, तेव्हा हा तक्ता त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सहज बसेल.